सोलापुरात लहान मुलांच्या डॉक्टरने कोणता फोन घ्यावा, कोणती ॲप ठेवावीत?

बाळपावलं
नमस्कार मंडळी. बालरोगात एमडी करून मी नुकतीच विजापूर रोडला ओपीडी सुरू केली आहे. आठवड्यातून दोनदा मोहोळला बसते आणि रात्री-अपरात्री एका एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) बोलावणं येतं. रेसिडेन्सीतला फोन अजून चालवतेय, पण त्याची बॅटरी दुपारीच मान टाकते. म्हणून दोन प्रश्न. एक, फोन कोणता घ्यावा, आणि सोबत टॅब घेण्यात अर्थ आहे का? दोन, औषधांचे डोस, वाढीचे तक्ते, लसी आणि नवजात बाळाची कावीळ यांसाठी तुम्ही कोणती ॲप खरोखर उघडता? 'खरोखर' मुद्दाम लिहिलंय. फोनमध्ये असलेली आणि वापरात असलेली ॲप वेगळी असतात.

माझं मत आधीच सांगते. फोनवर कमी आणि संदर्भावर जास्त पैसे घालावेत असं मला वाटतं. पण घरातले सगळे उलट सांगताहेत.

पार्क_मैदान
आयफोन. पुढचा प्रश्न विचारा. :)

भुईकोट_कट्टा
पार्क_मैदान, जरा थांबा. आयफोन आणि आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावेत असं ॲपल स्वतःच सांगतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून किती वर जातो हे सोलापूरकराला सांगायला नको. अँड्रॉइडही यातून सुटत नाही. फोन तापला की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं, कधी फोन चक्क बंदच होतो. मोहोळला जाताना फोन डॅशबोर्डवर उन्हात लावून नकाशा बघणं आणि तोच फोन ओपीडीत डोस काढायला वापरणं, हे दोन्ही एका फोनवर लादू नका.

मी डॉक्टर नाही, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या मते सगळ्यात आधी सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते बघावं. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय. स्वस्तात हवा असेल तर गॅलेक्सी ए१६ ला सहा वर्षं आहेत. औषधांच्या ॲपला भारी प्रोसेसर लागत नाही. १२८ जीबी जागा, दिवसभर पुरणारी बॅटरी आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं एवढं पुरे. मॅडमचं मत बरोबर आहे, घरच्यांचं नाही.

जुनं_वॉर्ड
फोनचं भुईकोट यांनी सांगितलंच, मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मी बालरोग शिकवायचो, आता निवृत्त आहे. पाम पायलट या हातातल्या छोट्या संगणकावर एपोक्रेट्स हे औषधांचं ॲप आलं तेव्हापासून ही खिशातली संदर्भयंत्रं बघतोय. तेव्हाही एकच गोष्ट खटकायची, आजही तीच खटकते. ॲप ज्या देशात बनलं त्या देशातली बाटली गृहीत धरतं.

पॅरासिटामॉलच घ्या. डोस किलोला १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. इथवर फारसा वाद नाही. आता मिली काढा. आपल्याकडे ५ मिलीत १२५ चं सिरप आहे, ५ मिलीत २५० चं आहे, आणि १ मिलीत १०० चे थेंब आहेत. म्हणजे तोच डोस पहिल्यातून ६ मिली, दुसऱ्यातून ३ मिली आणि थेंबांतून दीड मिली होतो. अमेरिकेत मुलांचं द्रव पॅरासिटामॉल ५ मिलीत १६० चं असतं. तिथलं ॲप साडेचार मिलीच्या आसपास सांगेल. तोच आकडा कोणी आपल्या थेंबांच्या बाटलीतून मोजला तर बाळाच्या पोटात तिप्पट औषध गेलं.

म्हणून ॲपकडून मिलिग्रॅम घ्यायचे. मिली आपण काढायचे, ते पालकांच्या हातातली बाटली बघूनच.

दुसरी गोष्ट वजनाची. ब्रिटनचं मुलांच्या औषधांचं पुस्तक, बीएनएफ फॉर चिल्ड्रन, मला फार आवडतं, पण त्यात पॅरासिटामॉल वयाच्या गटाने दिलंय. २ ते ३ वर्षांच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. आपल्याकडचं दोन वर्षांचं अशक्त मूल ९ किलोचं असलं तर किलोला २० पडतात. तो तक्ता तिथल्या मुलांच्या वजनावर बेतलेला आहे. वजनकाट्यावर चढवल्याशिवाय कोणतंही ॲप उघडू नका.

काउंटरवरून
सर, अगदी मनातलं बोललात. माझं सात रस्त्याजवळ मेडिकल आहे. आमच्या बाजूने सांगतो. एकाच नावाचे थेंब, साधं सिरप, डीएस आणि फोर्ट अशी चार भावंडं एका फळीवर असतात. चिठ्ठीवर नुसतं नाव आणि '५ मिली' असेल तर कोणतं काढायचं ते आम्ही अंदाजाने ठरवायचं का? साधं संपलं म्हणून डीएस दिलं की डोस दुप्पट. क्लॅव्युलॅनेटवालं अमोक्सिसिलिनही तसंच. आपल्याकडे ५ मिलीत २२८.५ आणि ४५७ अशी दोन चालतात. परदेशी ॲपमध्ये ६०० चं दिसतं आणि त्यात क्लॅव्युलॅनेटचं प्रमाणच वेगळं.

मॅडम, चिठ्ठीवर मिलिग्रॅम, मिली आणि '५ मिलीत किती' असं तिन्ही लिहा. नवीन डॉक्टरांकडून एवढंच मागणं आहे.

बाळपावलं
सर, दादा, मनापासून आभार. तिन्ही लिहिण्याचं उद्यापासूनच सुरू. भारतीय बाटल्या धरून चालणारं काही आहे का?

रात्रपाळी
सिव्हिललाच जेआर, म्हणजे निवासी डॉक्टर आहे, त्यामुळे 'खरोखर उघडतो' यावर बोलू शकतो.

इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सची (आयएपी) ड्रग फॉर्म्युलरी, म्हणजे औषधं आणि डोसांची यादी, सगळ्यात आधी ठेवा, आपल्याकडची औषधं धरून बनली आहे. वाढीसाठीही आयएपीचंच ग्रोथ चार्ट ॲप. पाच वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओची २००६ ची मानकं आणि ५ ते १८ साठी आयएपीचे २०१५ चे तक्ते. अमेरिकी ॲपमध्ये बहुतेकदा तिथल्या सरकारी सीडीसीचे तक्ते उघडतात, त्यावर आपलं पोर उगाच खालच्या रेषेवर दिसतं आणि आई रडायला लागते. उलट लठ्ठपणात आयएपीचा तक्ता जास्त कडक आहे. प्रौढपणी बीएमआय २३ आणि २७ होईल त्या रेषा त्यात धोक्याच्या मानल्यात, कारण आपल्या लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो.

आजाराबद्दल पटकन वाचायला मेडस्केप, फुकट आहे. गणितासाठी एमडीकॅल्क. कमी दिवसांच्या बाळांच्या फेंटन तक्त्यासाठी पेडिटूल्स, ते संकेतस्थळ आहे, होमस्क्रीनवर खूण करून ठेवलंय. अपटूडेट हा वैद्यकीय संदर्भ उत्तम पण महाग. कॉलेजचं असेल तोवर भरपूर वाचून घ्या. नवजातांच्या औषधांचं निओफॅक्सही बहुधा संस्थेनेच घेतलेलं असतं.

आणि लस विदेशी ॲपमध्ये कधीच बघू नका. अमेरिकेच्या वेळापत्रकात बीसीजी नाही, तोंडी पोलिओ नाही. आपल्याला सरकारी वेळापत्रक आणि आयएपीचं वेळापत्रक अशी दोन्ही शेजारी ठेवावी लागतात, कारण आई सरकारी कार्ड घेऊन येते आणि विचारते, यातलं राहिलं काय.

पार्क_मैदान
महागडी ॲप टेलिग्रामवर फुकट मिळतात की. एपीके (ॲपची बाहेरून टाकायची फाइल) टाका, काम झालं.

रात्रपाळी
नको. चोरीचं हा एक मुद्दा आहेच, पण त्याहून मोठा मुद्दा म्हणजे ते अपडेट होत नाही. कावीळ बघा. अमेरिकन ॲकॅडमीची ३५ आठवडे आणि पुढच्या बाळांसाठीची मार्गदर्शिका २००४ ची होती, ती २०२२ मध्ये बदलली आणि फोटोथेरपी (प्रकाशाचा उपचार) कधी सुरू करायची त्या रेषा थोड्या वर सरकल्या. काविळीचं बिलीटूल नव्याप्रमाणे झालं. गोठलेली एपीके अजून जुनंच सांगत बसते. रक्तदाबाचंही तेच, तक्ते २०१७ मध्ये बदलले. ॲपच्या 'अबाउट' पानावर कोणत्या वर्षाची मार्गदर्शिका आहे ते लिहिलेलं नसेल तर मी ते ॲप काढून टाकतो.

जुनं_वॉर्ड
रात्रपाळी, हे वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी 'अबाउट' पान वाचणारा विद्यार्थी सापडायचा नाही.

साखरपेठेची_आई
मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. पालक म्हणून बोलू का? डॉक्टर तपासता तपासता फोनमध्ये बघायला लागले की पोटात गोळा येतो. सासूबाई तर बाहेर येऊन म्हणाल्या, "यांना येत नाही वाटतं, मोबाइलमध्ये शोधतायत."

आमच्या आत्ताच्या मॅडम वेगळं करतात. टॅब आमच्याकडे वळवतात आणि बोट ठेवून दाखवतात, मागच्या वेळी इथे होता, आता इथे आहे. आमच्या घरी तेलुगू बोलतात, सासूबाईंना मराठी वाचता येत नाही, पण वर चढणारी रेष त्यांना लगेच कळली. डोस बघतानाही मॅडम सांगतात, "वजनाप्रमाणे पुन्हा एकदा मोजून घेते." त्या एका वाक्याने विश्वास वाढतो. म्हणून मी म्हणेन टॅब घ्याच, आणि तो आमच्या बाजूला ठेवा.

भुईकोट_कट्टा
याला अनुमोदन. आठ-नऊ इंची टॅब, मागे स्टँडचं कव्हर. दहा इंची टेबलावर अडगळ होतो.

बाळपावलं
साखरपेठेची_आई, हा प्रतिसाद मी ओपीडीच्या टेबलाच्या काचेखाली ठेवणार आहे. टॅबचं ठरलं.

माण_नदीकाठ
मंगळवेढ्याकडे प्रॅक्टिस करतो. शहरातल्या मंडळींच्या ध्यानात न येणारा विषय मांडतो, विंचू.

रात्री शेतातल्या वस्तीवरून मूल येतं. घामाने डबडबलेलं, हातपाय गार, उलट्या, नाडी पळतेय. परदेशी ॲपमध्ये 'स्कॉर्पिअन स्टिंग' उघडलं की बरंचसं अमेरिकेतल्या बार्क विंचवावर असतं. त्याचं विष प्रामुख्याने चेतासंस्थेवर जातं. आपला लाल विंचू हृदयावर आणि फुफ्फुसावर जातो. त्याचा उपाय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवला, प्राझोसिन. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, पण कितीतरी ॲपमध्ये ते औषध शोधून काढावं लागतं. मात्रा किलोला ३० मायक्रोग्रॅम, तीन तासांनी प्रतिसाद बघून पुन्हा, मग हातपाय गरम होईपर्यंत दर सहा तासांनी. १५ किलोच्या मुलाला ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची जेमतेम अर्धी. मूल आडवंच ठेवायचं, रक्तदाब पडू शकतो.

यातली खोच अशी की दुकानात प्राझोसिन म्हटलं की पुष्कळदा एक्सएल हातात येते. ती हळूहळू सुटणारी गोळी आहे, तोडून देण्याची नाही. हे कोणतं ॲप सांगणार? साधी गोळी आधीच आणून कपाटात ठेवावी लागते.

सापाचंही तसंच. सर्पविषरोधकाचा डोस मुलाला मोठ्यांइतकाच, कारण विष वजन बघून टोचलेलं नसतं. सगळं किलोवर मोजायची सवय लागलेला हात इथे चुकतो. वस्तीवर रेंज नसते, म्हणून माझ्याकडे ही दोन पानं हाताने लिहून, फोटो काढून ऑफलाइन ठेवलेली आहेत. छापील प्रत कपाटाच्या दारावर.

काउंटरवरून
माण_नदीकाठ सर, एक्सएलचं खरंय. आमच्याकडे कोणी साधी मागितली तर मागवून ठेवतो, पण आधी सांगायला हवं. रात्री अकराला नाही मिळत.

रात्रपाळी
हे पान मला हवंय सर. इथेच टाकाल का?

पार्क_मैदान
ओके, एपीके मागे घेतो. पण मग सगळं चॅटबॉटला विचारलं तर? मराठीत उत्तर देतो.

जुनं_वॉर्ड
डोससाठी नाही. तो चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतक्याच ठामपणे सांगतो, आणि तो कुठून आला हे तपासायला पान उलटता येत नाही. पालकांना समजावण्याचा मजकूर सोपा करून घ्यायचा असेल तर वापरा, मग स्वतः वाचून बघा.

रेशमी_धागा
डॉक्टर नाही, वकील आहे. धागा बघून एक मुद्दा टोचला. फोटो. पालक पुरळाचे, शीचे, जखमेचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. ते आपोआप गॅलरीत उतरतात, गॅलरी आपोआप क्लाउडवर जाते, आणि तोच फोन घरी मुलांच्या हातात गेम खेळायला असतो. व्हॉट्सॲपमध्ये मीडिया गॅलरीत न दाखवण्याची सोय आहे, ती आजच लावा. कामाचा नंबर वेगळ्या फोनवर असेल तर फारच उत्तम. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे, उपचारापुरती डॉक्टरांना २०२५ च्या नियमांत सूट आहे, पण तेवढ्यापुरतीच. तुमच्या पेशंटांत त्याहून मोठं कोणी नसतंच. आणि २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शिकेप्रमाणे अल्पवयीन मुलाचा फोनवरचा सल्ला सोबत मोठं माणूस असल्याशिवाय देता येत नाही.

नवं ॲप टाकलं की ते काँटॅक्ट, फोटो, लोकेशन मागतं. डोस काढणाऱ्या ॲपला तुमचे फोटो कशाला हवेत? नाही म्हणा.

कडक_भाकरी
मी फक्त नवीन फोनची चौकशी करायला आलो होतो आणि विंचवापर्यंत पोचलो. वाचनखूण साठवली. :)

अंगणवाडी_फेरी
आरबीएसके, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीच्या पथकात आहे, थोडं आमच्याकडचं. अंगणवाडीत सरकारी पोषण ट्रॅकर ॲपवर वजन-उंची भरलेली असते. तुमच्याकडे मूल आलं की आईला ते विचारा, मागचे आकडे मिळतात. दंडाचा घेर मोजायची पट्टी खिशात ठेवा, ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ६ महिने ते ५ वर्षांचं मूल अतितीव्र कुपोषित. बॅटरी लागत नाही. आणि सरकारी लोहाच्या सिरपमध्ये १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह आहे, आठवड्यातून दोनदा १ मिली. घरी ती बाटली सुरू आहे का हे विचारल्याशिवाय तुमचे लोहाचे थेंब देऊ नका.

बाळपावलं
हे मी आजवर कुणाला विचारत नव्हते. आता विचारेन.

एनआयसीयूत फोन नेण्याबद्दल कुणी बोललं नाही. तुम्ही काय करता?

रात्रपाळी
बाळाला हात लावायचा असेल तर फोन खिशाबाहेर काढायचाच नाही. आमच्या युनिटला टेबलावर एक टॅब आहे, पारदर्शक पिशवीत, तो बाहेर जात नाही. माझा फोन पाळी संपल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पुसणीने पुसतो. ॲपल ते चालतं म्हणतं. ब्लीच नको, आणि पोर्टमध्ये ओल जाऊ देऊ नका. कव्हर गुळगुळीत सिलिकॉनचं घ्या. कापडी किंवा चामड्याचं नको.

जुनं_वॉर्ड
आणखी एक. जीव वाचवायच्या क्षणी फोन नकोच. अंगठ्याचा ठसा लागत नाही, घामाने स्क्रीन ऐकत नाही. ॲड्रिनॅलिनचा तक्ता भिंतीवर हवा. आपल्याकडची कुपी १ मिलीत १ मिलिग्रॅमची. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या ॲलर्जीत) तीच थेट मांडीत, किलोला ०.०१ मिली. हृदय थांबलं असेल तर आधी १ मिलीत ९ मिली सलाईन मिसळून पातळ करायची, मग शिरेतून किलोला ०.१ मिली. या दोन ओळी वेगळ्या रंगात लिहा, कारण गडबडीत त्यांचीच अदलाबदल होते. रंगीत पट्टीने लांबी मोजून वजन काढणार असाल तर ब्रोस्लो पट्टी आपल्या मुलांचं वजन बहुधा जास्त दाखवते, हेही त्याखाली लिहा.

नवं ॲप वापरण्याआधी मी त्याची परीक्षा घेतो. उत्तर मला आधीच माहीत असलेले प्रश्न विचारतो. २२ किलोच्या मुलाला दिवसाचं सलाईन होलिडे-सेगर सूत्राप्रमाणे किती? १५४० मिली. पाच किलोच्या बाळाला ॲनाफिलॅक्सिसचं ॲड्रिनॅलिन किती? ०.०५ मिली. बारा वर्षांखाली निमेसुलाइड हे ताप-वेदनेचं औषध विचारतो. भारतात २०११ पासून या वयाला बंदी आहे, तरी जे ॲप डोस काढून देतं ते गेलं. वजनाच्या जागी चुकून १२० किलो टाकून बघतो. चांगलं ॲप अडवतं, वाईट ॲप गुणाकार करून मोकळं होतं.

माण_नदीकाठ
१२० किलोची परीक्षा आत्ता करून पाहिली. माझ्या फोनमधल्या एका ॲपने बिनबोभाट डोस काढून दिला. काढून टाकलं.

बाळपावलं
माझं ठरलं ते सांगते. अपडेट दीर्घकाळ मिळणारा मधल्या किमतीचा अँड्रॉइड फोन, दोन सिमं, त्यावर कामाचा नंबर. घरचा जुना फोन घरीच राहील. ओपीडीच्या टेबलावर साडेआठ इंची टॅब, पालकांच्या बाजूला, त्यात आयएपीचे तक्ते. डोससाठी आयएपी फॉर्म्युलरी, गणित हाताने पुन्हा एकदा. भिंतीवर ॲड्रिनॅलिन, कपाटात साधं प्राझोसिन. वाचलेले पैसे संदर्भाच्या वर्गणीला.

एक राहिलं. माझ्या ओपीडीच्या दोन्ही बाजूंना मेडिकल आहेत. त्यांच्याकडे नेहमी मिळणाऱ्या मुलांच्या औषधांची, ताकदीसकट, एक यादी करून टॅबमध्ये ठेवायचा विचार आहे. काउंटरवरून दादा, यादीत काय काय असावं?

काउंटरवरून
मॅडम, पहिला रकाना औषधाच्या मूळ नावाचा. दुसरा '५ मिलीत किती', थेंब असतील तर '१ मिलीत किती'. ब्रँड तिसऱ्या रकान्यात, कारण तो बदलत राहतो. सुकी पावडर असेल तर पाणी कुठल्या खुणेपर्यंत घालायचं आणि कालवल्यावर किती दिवस चालते तेही लिहा, पालक तेच विचारायला परत येतात. बाटलीसोबत टोपी येते की ड्रॉपर, हा वेगळा रकाना. टोपी असेल तर ५ मिलीची सिरिंज सोबत द्यायला सांगा, आम्ही देतो. आणि वर तारीख टाका. दोन्ही दुकानांतल्या पोरांना दर महिन्याला एकदा यादीवर नजर टाकायला सांगितलं तर ती टिकेल. माझ्याकडची मी रविवारी दुकान बंद झाल्यावर लिहून इथे टाकतो.